त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे किती? टक्केवारी वाचण्याआधी थोडे सविस्तर

भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: ‘त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये भारतीय वंशाचा गट सर्वांत मोठा आहे असे पुस्तकात दिले आहे. मग त्या देशाला भारतीयबहुल म्हणायचे का? २००० साली हा गट ४० टक्के होता आणि २०११ मध्ये ३५ टक्क्यांवर आला, एवढी घट कशामुळे झाली? आणि देशाची एकूण लोकसंख्या वाढते आहे की कमी होते आहे?’

प्रश्न चांगले आहेत, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. माझी बरीच वर्षे जनगणनेचे तक्ते वाचण्यात आणि ते विद्यार्थ्यांना वाचायला शिकवण्यात गेली. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी थोडक्यात सांगतो. भारतीयबहुल म्हणू नका, कारण तिथे कोणताही एक गट बहुसंख्य नाही. ४० वरून ३५ ही घट दिसते तेवढी खरी नाही, तिचा मोठा भाग कागदावरचा आहे. आणि एकूण लोकसंख्या जवळजवळ एका जागी थांबली आहे, मात्र तिचे वय झपाट्याने वाढते आहे. माझ्या मते या देशाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच शेवटची आहे. आपल्याकडे मात्र चर्चा पहिल्या गोष्टीवरच अडून बसते.

आवाका डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. कॅरिबियनमधल्या या दोन्ही बेटांचे मिळून क्षेत्रफळ ५,१३१ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढे. सिंधुदुर्गात २०११ साली साडेआठ लाखांच्या आत माणसे होती. त्याच वर्षीच्या त्रिनिदादच्या जनगणनेत १३,२८,०१९ मोजली गेली. त्यातली टोबॅगोत फक्त ६०,८७४, बाकी सगळी मोठ्या बेटावर. मोठ्या बेटावरही माणसे सारखी पसरलेली नाहीत. उत्तरेच्या डोंगररांगेच्या पायथ्याने राजधानी पोर्ट ऑफ स्पेनपासून अरिमापर्यंत वस्तीचा एक सलग पट्टा गेला आहे, त्याला तिथे पूर्व-पश्चिम कॉरिडॉर म्हणतात. दुसरी दाट वस्ती मध्य आणि दक्षिण भागातल्या सपाटीवर आहे. हे मैदान एकेकाळी उसाचे होते. चगुआनास, कूव्हा, देबे, पेनल ही तिथली गावे.

आता वंशाचा तक्ता. २०११ चे आकडे असे: भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के, मिश्र वंशाचे २२.८ टक्के. गोरे, चिनी, सीरियन-लेबनीज, पोर्तुगीज, मूलनिवासी हे सगळे मिळून दीड टक्क्याच्या आसपास. आणि ‘उत्तर दिले नाही’ या रकान्यात ६.२ टक्के.

विद्यार्थी पहिल्या दोन ओळी वाचतात आणि थांबतात. मी त्यांना शेवटच्या ओळीपासून वाचायला सांगतो. पहिल्या दोन गटांतले अंतर सव्वा टक्क्याचे, माणसांत मोजले तर सुमारे १६ हजारांचे आहे. उत्तर न देणारे मात्र ८० हजारांच्या वर आहेत. म्हणजे ज्यांचा वंश नोंदलाच गेला नाही असे लोक या अंतराच्या पाचपट आहेत. अशा तक्त्यावरून ‘सर्वांत मोठा गट’ असे ठामपणे लिहिणे मला पटत नाही. ‘दोन जवळपास समान गट आणि तिसरा वेगाने वाढणारा’ एवढेच तो तक्ता प्रामाणिकपणे सांगतो.

४० वरून ३५ चे कोडेही याच रकान्यात सुटते. २००० च्या तक्त्यात भारतीय ४०.०, आफ्रिकी ३७.५ आणि मिश्र २०.५ टक्के होते, आणि उत्तर न देणाऱ्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. २०११ मध्ये तो सहा टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे आपण दोन वेगळ्या पायांवरच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवतो आहोत. हे गणित वहीत स्वतः करून पाहा. २०११ च्या शंभरातून ६.२ वजा केले की उरतात ९३.८. ३५.४ ला ९३.८ ने भागा, भारतीयांचा वाटा येतो ३७.७ टक्के. याच रीतीने आफ्रिकी ३६.५ आणि मिश्र २४.३. आता २००० शी ताडून पाहा. भारतीय सव्वादोन टक्क्यांनी उतरले, आफ्रिकी एका टक्क्याने उतरले आणि मिश्र जवळजवळ चार टक्क्यांनी वाढले. साडेचार टक्क्यांची ‘घसरण’ निम्म्यावर आली, आणि ती घट कुठे गेली तेही कळले.

या गणितात एक गृहीतक आहे, ते लक्षात असू द्या. उत्तर न देणाऱ्यांचे वंशनिहाय प्रमाण बाकीच्यांसारखेच आहे असे आपण धरले. ते तंतोतंत खरे असेलच असे नाही. पण दोन जनगणनांची तुलना करताना एवढी दुरुस्ती न करता निष्कर्ष काढणे हे त्याहून धोक्याचे.

धर्माच्या तक्त्याचेही तसेच. हिंदू २००० साली २२.५ टक्के आणि २०११ मध्ये १८.२ टक्के. हे आकडे आपल्याकडच्या लेखांत फार काळजीने उद्धृत केले जातात. पण धर्माच्या प्रश्नाला उत्तर न देणारे २०११ मध्ये ११.१ टक्के होते. ते वगळले की हिंदू साडेवीस टक्के येतात. घट आहेच, पण सव्वाचार टक्क्यांची नाही, दोनाची आहे. रोमन कॅथलिक याच काळात २६ वरून २१.६ टक्क्यांवर आले, दुरुस्तीनंतर सव्वाचोवीसच्या आसपास. वाढले ते पेंटेकोस्टल आणि इव्हँजेलिकल हे ख्रिस्ती पंथ, १२ टक्क्यांपर्यंत. त्यांच्याकडे भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही घरांतून माणसे गेली आहेत. मुसलमान ५ टक्के. इथे आणखी एक गोष्ट नीट पाहा: भारतीय वंशाचे ३५ टक्के आणि हिंदू १८. म्हणजे भारतीय म्हटले की हिंदू असे समीकरण तिथे चालत नाही. तिथल्या भारतीयांमध्ये मुसलमान आहेत, पेंटेकोस्टल आहेत, कॅथलिक आहेत आणि प्रेस्बिटेरियन या आणखी एका ख्रिस्ती पंथाचेही आहेत. प्रेस्बिटेरियनांचे कारण ऐतिहासिक आहे. १८६८ मध्ये कॅनडाहून आलेल्या जॉन मॉर्टन या मिशनऱ्याने उसाच्या मळ्यांवरच्या भारतीय मुलांसाठी शाळा काढल्या. सरकारी शाळांत या मुलांना कोणी विचारत नव्हते, त्या काळात शिक्षणाची आणि पुढे नोकरीची वाट या शाळांतून गेली. हिंदूंच्या स्वतःच्या शाळा मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या त्या १९५२ नंतर, सनातन धर्म महासभेच्या पुढाकाराने.

मिश्र वंशाचा रकाना मला या देशाच्या तक्त्यातला सर्वांत बोलका वाटतो. २०११ मध्ये तो दोन भागांत दाखवला गेला: आफ्रिकी-भारतीय मिश्र ७.७ टक्के आणि इतर मिश्र १५.२ टक्के. आई-वडिलांपैकी एक भारतीय आणि एक आफ्रिकी अशा माणसाला त्रिनिदादमध्ये ‘दोगला’ म्हणतात. शब्द भोजपुरीतून तिथे गेला आणि गेला तेव्हा शिवीच होता. आज बरेच जण तो स्वतःहून, मानाने लावून घेतात. जनगणनेत वंश म्हणजे रक्ताची तपासणी नव्हे, प्रगणकाला दिलेले उत्तर असते. बहुतेक वेळा घरातले एकच माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरे देते. आजी भारतीय, आजोबा आफ्रिकी, आईचे घराणे व्हेनेझुएलाकडचे, अशा घरातला मुलगा एका जनगणनेत ‘आफ्रिकी’ आणि पुढच्या जनगणनेत ‘मिश्र’ नोंदला जाऊ शकतो. माणूस तोच, घर तेच, टक्केवारी मात्र बदलते. म्हणून मिश्र गटाची वाढ ही काही अंशी आंतरवांशिक विवाहांची आणि काही अंशी लोकांच्या बदललेल्या उत्तरांची आहे. यातले किती कशामुळे, हे एकट्या जनगणनेवरून वेगळे काढता येत नाही.

आता मागे जाऊ. कॅरिबियनमध्ये इतकी बेटे असताना भारतीयांचे प्रमाण त्रिनिदादमध्येच एवढे मोठे का? जमैकातही भारतीय मजूर गेले होते, ३५ हजारांच्या वर. तरी तिथे आज भारतीय वंशाचे एक टक्काही भरत नाहीत. याचे उत्तर भारतीयांच्या संख्येत कमी आणि त्यांच्या आधी तिथे किती माणसे होती यात जास्त आहे.

त्रिनिदाद स्पेनच्या ताब्यात असताना जवळजवळ रिकामे पडले होते. मूलनिवासी रोगराईने आणि जुलमाने खचले होते, स्पॅनिश वसाहतवाले मूठभर होते. १७८३ मध्ये स्पेनने एक फर्मान काढले: कॅथलिक असाल आणि गुलाम घेऊन याल तर जमीन मिळेल. या फर्मानाने मार्तिनिक, ग्रेनाडा वगैरे बेटांवरचे फ्रेंच मळेवाले आणि मिश्र वंशाचे स्वतंत्र लोक त्रिनिदादला आले. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतले तेव्हा एकूण वस्ती १७-१८ हजारांची होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक गुलाम होते. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा त्रिनिदादमध्ये मुक्त झालेल्यांची संख्या साधारण २० हजार होती. जमैकात ती तीन लाखांच्या वर होती. हा फरक मनात पक्का करा, पुढचे सगळे त्यावर उभे आहे. त्रिनिदादमध्ये सुपीक जमीन अमाप आणि हात थोडे. १८३८ मध्ये सक्तीची उमेदवारी, म्हणजे मुक्तीनंतरही जुन्या मालकाकडे राबण्याचे बंधन, तेही संपले आणि मुक्त झालेले लोक मळे सोडून स्वतःची जमीन, स्वतःचा धंदा शोधू लागले. मळेवाल्यांनी मडेरातून पोर्तुगीज आणले, शेजारच्या बेटांवरून माणसे आणली, चिनी आणले. पण सर्वांत जास्त माणसे आणली ती कलकत्त्याहून.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीयांना घेऊन त्रिनिदादला लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे आली. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, म्हणजे आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासहून. आपल्याकडचे वाचक हमखास विचारतात म्हणून सांगतो, यात मराठी माणसे शोधू नका. मुंबई बंदरातून, कोकणातून जी मजूर मंडळी गेली ती मॉरिशसला, आणि तिथे मराठी समाज आजही नांदतो. त्रिनिदादची वाट कलकत्त्याहून होती. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याला जवळचे वाटते ते क्रिकेटमुळे: १९७१ च्या मार्चमध्ये क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावसकर यांनी कसोटी पदार्पण केले आणि तो सामना भारताने जिंकला.

गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या या मजुरांच्या, नोंदी लोकसंख्येच्या अभ्यासकासाठी फार मोलाच्या आहेत. प्रत्येक माणसाचा एक परवाना असे. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण. कुठे भाजल्याचा डाग, कुठे कपाळावर व्रण. त्यांच्यावर आधारलेली नोंदणी पुस्तके त्रिनिदादच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि फिजी, गयाना, सुरिनाम यांच्या अशाच नोंदींसह युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत त्यांना स्थान मिळाले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये भारताने तिथल्या भारतीय वंशीयांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशीयांना भारत देतो ते ओळखपत्र) देण्याचे जाहीर केले. वंशावळ सिद्ध करायची तर लोकांना शेवटी याच पुस्तकांकडे यावे लागते. अडचण अशी की त्या काळच्या मजुराला बहुधा एकच नाव असे. पुढच्या पिढीत बापाचे नाव आडनाव झाले. त्यामुळे रामलाल, सीपरसाद अशा आडनावांवरून मूळ गाव तर सोडाच, जातही सांगता येत नाही. जहाजावर एकत्र आलेले ‘जहाजी भाई’ झाले, आणि एका पंगतीत जेवून, एका बराकीत राहून जातीचे बंधन तिथे लवकरच सैल पडले.

करार पाच वर्षांचा. दहा वर्षे राहिले की परतीचा प्रवास मिळे. काही जण परतले, बहुसंख्य राहिले. १८६९ पासून काही वर्षे परतीच्या हक्काऐवजी जमीन देण्याची योजना होती. कलकत्ता सेटलमेंट, मद्रास सेटलमेंट अशी गावांची नावे आजही नकाशावर आहेत. गोलकोंडा, बराकपूर, फैजाबादही सापडतील. बायकांची संख्या सुरुवातीला फारच कमी होती. शंभर पुरुषांमागे किमान चाळीस बायका असाव्यात असा दंडक वसाहत सरकारने नंतर घातला, आणि तोही पाळताना भरती करणाऱ्यांची तारांबळ उडे. स्त्रिया कमी म्हणजे जन्म कमी, म्हणून पहिल्या काही दशकांत भारतीयांची वाढ बाळंतपणातून कमी आणि जहाजांतून जास्त झाली. तरी विसाव्या शतकाच्या आरंभाला वसाहतीतला साधारण तिसरा माणूस भारतीय होता.

जुन्या आकड्यांत एक सापळा आहे, तो मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. हिंदू पद्धतीने लागलेले लग्न त्रिनिदादच्या कायद्याने १९४५-४६ पर्यंत मान्यच केले नव्हते. मुसलमानांच्या लग्नांना मान्यता त्याच्या दहाएक वर्षे आधी मिळाली. त्यामुळे त्याआधीच्या जन्मनोंदींत हजारो भारतीय मुले ‘अनौरस’ म्हणून लागली आहेत. सात फेरे झाले होते, मांडव पडला होता, गाव जेवले होते. सरकारी वहीत मात्र आई अविवाहित. त्या आकड्यांवरून कोणी भारतीयांच्या कुटुंबजीवनाबद्दल निष्कर्ष काढले तर ते साफ चुकतील. आणि वारसा हक्कासाठी या नोंदीची जी झळ त्या मुलांना सोसावी लागली ती तर खरीच होती.

उलट बाजूने पाहिले तर कॅरिबियन जनगणनांनी कुटुंबाबद्दल आपल्यापेक्षा शहाणपणाचे प्रश्न विचारले आहेत. तिथे फक्त ‘विवाहित की अविवाहित’ एवढ्यावर थांबत नाहीत. कायदेशीर लग्न, लग्नाविना एकत्र संसार, आणि जोडीदार वेगळ्या घरी राहतो पण नाते आहे, असे तीन प्रकार धरले जातात. शेवटच्याला ‘व्हिजिटिंग’ संबंध म्हणतात. मुले किती आणि कोणत्या घरात वाढतात हे समजायला हा भेद फार उपयोगी पडतो.

स्वातंत्र्य ३१ ऑगस्ट १९६२ चे. त्याआधीच्या १९६० च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या ८ लाख २८ हजारांच्या आसपास होती, आफ्रिकी वंशाचे ४३.३ टक्के आणि भारतीय ३६.५ टक्के. १९८० मध्ये ४०.८ आणि ४०.७, म्हणजे केसाएवढे अंतर. १९९० मध्ये भारतीय ४०.३ आणि आफ्रिकी ३९.६, आणि क्रम उलटला. या बदलाची कारणे दोन. भारतीय स्त्रियांचा प्रजनन दर पन्नास-साठच्या दशकांत जास्त होता आणि उशिरा उतरला. आणि ब्रिटन, अमेरिका, कॅनडाकडे जाणाऱ्यांत त्या काळात आफ्रिकी वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे होते. पुढे दोन्ही गटांचे प्रजनन दर जवळजवळ एका पातळीला आले आणि भारतीयही मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. ही शर्यत, जर शर्यत म्हणायची असेल तर, तिथेच संपली.

राजकारणावर या समतोलाची छाया आहे. १९५६ ते १९८६ सलग सत्तेत राहिलेल्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंटचा पाया मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या मतदारांत, आणि युनायटेड नॅशनल काँग्रेसचा भारतीयांत. १९९५ मध्ये बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. २००१ च्या डिसेंबरमध्ये ३६ जागांच्या सभागृहात दोन्ही पक्षांना अठरा-अठरा जागा मिळाल्या. २०१० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये कमला प्रसाद-बिसेसर पंतप्रधान झाल्या. निकाल फिरतो तो मिश्र वस्तीच्या मोजक्या मतदारसंघांत. भारतीय आणि आफ्रिकी असे दोनच कप्पे धरून चालणाऱ्याला हे निकाल कधीच नीट उलगडणार नाहीत.

माणसे बेटाच्या आतही हलली आहेत. पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या हद्दीत २०११ मध्ये ३७ हजार माणसे राहत होती, २००० मध्ये ४९ हजार होती. शहर ओस पडले असे नाही; लोक कॉरिडॉरच्या उपनगरांत आणि मध्य भागात राहायला गेले, घरांच्या जागी कचेऱ्या आल्या. चगुआनास याच काळात ६७ हजारांवरून साडेत्र्याऐंशी हजारांवर गेले. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी ‘कॅरोनी’ने सुमारे नऊ हजार कामगारांना एका वेळी निवृत्त केले आणि काही वर्षांत साखर धंदाच मिटला. ज्या पिकासाठी ही माणसे आणली गेली ते पीक आता तिथे नाही. उसाच्या पट्ट्यात आज घरे, मॉल आणि रस्ते आहेत.

टोबॅगोचे वेगळे सांगायला हवे, कारण ‘त्रिनिदादचा’ म्हणून दिलेला प्रत्येक सरासरी आकडा टोबॅगोला झाकून टाकतो. ते बेट १८८९ मध्ये प्रशासनासाठी त्रिनिदादला जोडले गेले. भारतीय गिरमिटिया तिथे गेलेच नाहीत, आणि आजही तिथली दहापैकी आठांहून अधिक माणसे आफ्रिकी वंशाची आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे. १९६० च्या सुमारास त्रिनिदादमधल्या स्त्रीला सरासरी पाचाहून अधिक मुले होत. कुटुंबनियोजन संघटना १९५६ ची आहे, साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारी कार्यक्रमही आला. पण मुलींचे शिक्षण आणि तेलाच्या पैशाने बदललेली राहणी यांचा वाटा मी जास्त धरतो. नव्वदच्या दशकात दर २.१ च्या, म्हणजे पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी राहायला लागणाऱ्या पातळीच्या, खाली गेला आणि परत वर आला नाही. सध्या तो १.५ ते १.७ च्या दरम्यान मानला जातो. १.६ धरून पाहू. शंभर स्त्रियांना १६० मुले. जन्माला येताना मुलग्यांचे प्रमाण किंचित जास्त असते, म्हणून त्यात मुली साधारण ७८. म्हणजे शंभर आयांच्या जागी पुढच्या पिढीत ७८ आया. दर तोच राहिला तर त्यापुढच्या पिढीत ६१. लोकसंख्या लगेच कमी होत नाही, कारण आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या अजून हयात आहेत. पण दिशा ठरून गेलेली आहे.

आणि त्या मोठ्या पिढ्या आता म्हाताऱ्या होत आहेत. २०११ मध्येच साठीच्या पुढचे १३.४ टक्के होते आणि पंधराच्या आतली मुले वीस टक्क्यांच्या जरा वर. १९६० मध्ये मुलांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक होता. आयुर्मान ७३-७४ वर्षांचे; मधुमेह आणि हृदयविकार ही मोठी कारणे, आणि तरुण पुरुषांच्या बाबतीत बंदूक. २०२४ मध्ये सहाशेहून अधिक खून झाले. एवढ्याशा देशात ही संख्या तरुण पुरुषांच्या मृत्युदरात स्पष्ट दिसते. राष्ट्रीय विमा योजनेची रचना १९७२ ची आहे, तेव्हा कमावते खूप आणि निवृत्त थोडे होते. योजनेचे विमागणिती, म्हणजे तिच्या जमाखर्चाचे दीर्घकालीन हिशेब मांडणारे तज्ज्ञ, आता निवृत्तीचे वय साठावरून पासष्टवर नेण्याची शिफारस करत आले आहेत. वय वाढवणे कुठल्याही सरकारला जड जाते, पण वरचे १००, ७८, ६१ हे गणित टळत नाही.

यात भर बाहेर जाणाऱ्यांची. एकट्या अमेरिकेत त्रिनिदाद-टोबॅगोत जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक राहतात. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एका अभ्यासाने उच्चशिक्षितांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक देशाबाहेर असल्याचे दाखवले होते. हा आकडा वापरताना एक काळजी घ्या: त्यातल्या अनेकांनी पदवी बाहेर जाऊनच घेतली, त्यामुळे देशाने शिकवलेली इतकी माणसे गेली असा त्याचा अर्थ होत नाही. तरी परिचारिका आणि शिक्षक यांची ओढ कुठे आहे हे तिथल्या कोणालाही विचारा.

येणारेही आहेत. व्हेनेझुएलाचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी अकरा किलोमीटरवर आहे. २०१९ मध्ये सरकारने दोन आठवडे नोंदणी उघडली तेव्हा साडेसोळा हजार व्हेनेझुएलन पुढे आले. न नोंदलेले वेगळे. ही बहुतेक कामाच्या वयाची माणसे आहेत. त्रिनिदादच्या पर्वतभागात व्हेनेझुएलाहून आलेले कोकोचे शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून आहेत, त्यामुळे हा प्रवाह नवा नाही, प्रमाण नवे आहे. म्हाताऱ्या होत चाललेल्या देशात तरुण कामगार येणे ही लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने जमेची बाजू आहे, आणि त्यांच्या मुलांना शाळा आणि कागदपत्रे मिळणे हे मला त्यातले सर्वांत निकडीचे काम वाटते.

राहिला प्रश्न एकूण आकड्याचा. २०११ नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे सगळे अंदाजांवर चालले आहे. त्रिनिदादचे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय अलीकडच्या वर्षांसाठी साडेतेरा ते पावणेचौदा लाखांच्या दरम्यान आकडा देते. संयुक्त राष्ट्रांचे अंदाज पंधरा लाखांच्या आसपास आहेत. दोन्हींत लाखाहून अधिक फरक. २०११ ची मोजणी किती पूर्ण होती आणि स्थलांतरित किती आले-गेले, याबद्दलची गृहीतके वेगळी धरली की असा फरक पडतो. तुमच्या निबंधात यातला कोणताही एक वापरा, पण कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा ते लिहा, आणि एका तक्त्यात दोन्ही मिसळू नका. वंश आणि धर्मासाठी २०११ चीच आकडेवारी घ्यावी लागेल. ती ‘उत्तर न देणाऱ्यांसह’ दिली आहे की त्यांना वगळून, हे तक्त्याखाली एका ओळीत नोंदवा. आणि जमले तर वंशाच्या तक्त्याआधी वयोगटाचा तक्ता ठेवा.